मैनाचं आडनाव

शाळेत हजेरी कशी घेतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. एक, हजर. दोन, हजर. तीन, हजर. चार, आला न्हाई बाई, म्हशीमागं गेलाय. चुटकीसरशी काम उरकतं आणि आपण फळ्याकडे वळतो. मी गणिताची बाई, मला तर आकड्यांनी मुलं मोजण्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. आमच्या ओव्हाळबाईंना मात्र ते चालायचं नाही. त्या एकेकाचं पूर्ण नाव घ्यायच्या. पोराचं, बापाचं आणि शेवटी आडनाव, अगदी ठणकावून. पोरानं उभं राहून हजर म्हणायचं, मग पुढचं नाव. त्यांचा तास संपून माझा सुरू व्हायचा, तरी त्यांचा धडा संपलेला नसायचा, कारण सुरुवातीचा सगळा वेळ हजेरीनं खाल्लेला. मी खडू घेऊन दारात ताटकळत उभी. कितीदा चिडले असेन त्यांच्यावर, सांगता सोय नाही.

एखादं पोर नाव सांगताना शेवटी पुटपुटलं की बाई थांबायच्या. "आडनाव गिळू नको रे. पोटात दुखतं."

वर्ग हसायचा. पोर परत सांगायचं, या वेळी जरा मोठ्यानं.

हे काय प्रकरण आहे ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्या भोर-वेल्ह्याच्या मुलखात नाव विचारून कुणी थांबत नाही. "कुणाची गं तू?" मग "आडनाव काय?" आडनाव कळलं की पाणी तांब्यात द्यायचं का प्लास्टिकच्या ग्लासात, ते ठरतं. आता असं काही राहिलेलं नाही म्हणतात. म्हणणाऱ्यांना तांब्यातच मिळतं, म्हणून म्हणतात. मी कोंडे. हे आडनाव सांगताना मला जन्मात कधी आवंढा गिळावा लागला नाही. ओव्हाळबाईंना लहानपणी लागला होता आणि मोठेपणी त्यांनी तो गिळायचं बंद केलं होतं.

त्या आमच्या हायवेकडच्या शाळेत मराठी शिकवायला आल्या तो दिवस मला लख्ख आठवतो. तेव्हाचे आमचे मुख्याध्यापक तसे देवमाणूस, पण जुन्या वळणाचे. चहा मागवला, खुर्ची दिली आणि विचारलं, "ओव्हाळ म्हणजे कुठले तुम्ही?"

"वेल्ह्याकडचे, सर."

"ते झालंच. पण म्हणजे, ओव्हाळ म्हणजे..."

"म्हणजे तेच सर, जे तुमच्या मनात आलंय. बौद्ध. साखर कमी घालायला सांगा हं, मला गोड चहा आवडत नाही."

सर स्वतःच उठून साखरेचं सांगायला गेले. मी तोंडाला पदर लावून खिडकीबाहेर बघत बसले. त्या दिवसापासून आमचं जमलं.

बाई दिसायला कशा होत्या? बुटक्या, ठसठशीत, साडीला कधी इस्त्री नाही. पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या. हसणं एवढं मोठं की कार्यालयात हसल्या तर मैदानावरची पोरं वळून बघायची. लग्न केलं नव्हतं. नसरापुरात एका खोलीत भाड्यानं राहायच्या आणि त्या खोलीत त्यांच्यापेक्षा पुस्तकंच जास्त ऐसपैस राहायची. पुस्तकंही कुठली, तर बहुतेक सगळी बारा-पंधरा वर्षांच्या पोरापोरींसाठी लिहिलेली. मी एकदा म्हटलं, "अहो, आता तुमच्या केसांत रुपेरी दिसायला लागलं, मोठ्या माणसांचं काही वाचा की." तर म्हणाल्या, "मोठी माणसं वाचून बदलत नाहीत, कोंडेबाई. फक्त वाचलंय म्हणून सांगत फिरतात."

आणखी एक खोड होती. कुठलंही पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटचं पान. मला हे अजिबात आवडायचं नाही. उदाहरण सोडवण्याआधी मागचं उत्तर बघणाऱ्या पोरांना मी अंगठे धरायला लावते. त्या म्हणायच्या, "कोण जगतं, कोण मरतं ते आधी बघून ठेवलेलं बरं. मरत असेल तर पोरांना हळूहळू तयार करावं लागतं."

पोरांना, म्हणजे शनिवारच्या वाचनाला बसणाऱ्यांना. शनिवारी सकाळची शाळा, शेवटचा तास त्यांचा. त्या तासाला पुस्तक मोठ्यानं वाचायच्या. पटलं नाही तर हात वर करायचा, असा नियम. आणि हात वर व्हायचे! "बाई, ह्यो हिरो येडा हाय का? पळून का जात न्हाई?" "बाई, तिच्या आईनं आसं बोलाया नको व्हतं." भांडणं लागायची. खिडकीत दुसऱ्या वर्गाची पोरं लोंबकळायची. माझ्या गणितात हात वर कुणाचा होतो तर पाणी प्यायला जाऊ का म्हणून.

एका शनिवारी आठवीतल्या एका मुलीनं हात वर केला. आमच्या शाळेच्या पलीकडे ओढ्याकाठी वस्ती आहे, तिथली. म्हणाली, "बाई, आमच्यासारखी पोरगी पुस्तकात कदी येती का?"

"येते की," बाई म्हणाल्या.

"येती, पर पैल्या पानावर रडती आन शेवटच्या पानावर मरती. न्हाईतर कुनीतरी चांगल्या घरचं येतं आन तिला शाळंत घालतं. हसनारी येती का?"

बाईंनी पुस्तक मिटलं. मला नंतर सांगत होत्या, "कोंडेबाई, मी आठवून आठवून दमले. एक सुद्धा आठवेना हो."

मग त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं. तीच ती 'मैना'.

मैना कांबळे. चौदा वर्षांची, तोंडाळ, हसरी. तिची आई गावच्या शाळेत खिचडी शिजवायला लागते आणि निम्मी शाळा अचानक घरून डबे आणायला लागते. कुणी काही बोलत नाही. भांडण नाही, शिवी नाही, नुसते डबे. मैना काय करते, तर रोज पहिल्यांदा ताट घेऊन पटांगणाच्या मधोमध बसते आणि खिचडीचं असं काही वर्णन करत खाते की डबेवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटावं. रडत नाही, मरत नाही, कुणी येऊन तिला वाचवत नाही. शेवटी ती जिंकते का, तर अर्धीमुर्धी. पण हसत हसत. मी कादंबऱ्या वाचणारी बाई नव्हे, पण ही मी ऐकली, तीही दारात उभी राहून, माझा तास नसताना.

लिहिलं की शनिवारी वाचायच्या, पोरांनी हरकत घेतली की खोडायच्या. डब्यांचं प्रकरण वाचलं त्या दिवशी हरकतीचा एकही हात वर झाला नाही. सगळ्यांना कळलं होतं डबे का आले ते. आडनाव ऐकलेलं होतं ना. मग मागच्या बाकावरचा एक दांडगट पोरगा उभा राहिला, चांगल्या बागायतदाराचा. मान खाली. म्हणाला, "बाई, आमच्या आईनं बी मला सांगितलं व्हतं. पैल्या शाळंत. खिचडी खायाची न्हाई म्हनून."

"मग?"

"म्या खाल्ली. चोरून."

"कशी होती?"

"लई भारी व्हती, बाई."

असा हशा झाला म्हणता! ओढ्याकाठची ती पोरगी तर हसून हसून बाकावर आडवी झाली. मी कितीतरी वर्षं शिकवते आहे, न्याय का काय म्हणतात तो माझ्या वर्गात मी कधी घडलेला पाहिला नाही. त्यांच्या वर्गात त्या दिवशी पाहिला, खोटं कशाला बोलू.

पुस्तक छापायचं ठरलं आणि तिथून सगळं बिनसलं.

पुण्याचे एक प्रकाशक. नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती. उलट फार गोड. मी सोबत गेले होते, बाईंचाच हट्ट. संपादक म्हणून जे गृहस्थ होते त्यांनी मैनाचं तोंड भरून कौतुक केलं आणि मग म्हणाले, "एक छोटीशी सूचना आहे. आडनाव काढू या. नुसतं मैना. म्हणजे सगळ्या मुलांना ती आपली वाटेल."

"आडनाव काढलं तर पोरं खिचडी का खात नाहीत?" बाईंनी विचारलं.

"गरिबी घाला. मैनाची आई गरीब आहे. गरिबी सगळ्यांना कळते."

मला राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, गरीब बाईनं केली म्हणून खिचडी का टाकतील? गरीब बायांनी केलेलंच तर जग खातंय. हे गणित सुटत नाही."

ते हसले. "मॅडम, आम्ही जातबीत मानत नाही हो. म्हणूनच तर म्हणतोय."

बाईंनी वही उचलून पिशवीत घातली. खाली आल्यावर लिमलेटची गोळी तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "नाही म्हणजे नाही." पुढे बराच काळ नाहीच म्हणत राहिल्या. दुसऱ्या दोन ठिकाणी दाखवलं, तिथं तर उत्तरही आलं नाही. तोवर जिनं प्रश्न विचारला होता ती पोरगी दहावी होऊन लग्न करून सासरी गेलेली. एके संध्याकाळी चेलाडी फाट्यावर एसटीची वाट बघत आम्ही भजी खात होतो. बाई म्हणाल्या, "मी हो म्हणून कळवलं, कोंडेबाई."

मी भजं हातात धरून बघतच राहिले.

"एकेक बॅच चाललीय हो माझी. कुणासाठी ठेवू कपाटात? आणि पोरं हुशार असतात. आडनाव नसलं तरी कळेल त्यांना. ज्यांना कळायला हवं त्यांना तर कळेलच."

पुस्तक देखणं निघालं. मुखपृष्ठावर दोन वेण्यांची गोरीपान मुलगी. बाईंनी शाळेत पेढे वाटले, पण त्यांचं ते कौलं उडवणारं हसणं काही मला त्या दिवशी ऐकू आलं नाही. पुस्तक शिवऱ्याला गेलं, कामथडीला गेलं, वरव्याला गेलं. जिथं तिथं पोरं वाचायला लागली. मुलांना मैना आवडली, यात शंकाच नाही.

वेल्ह्याकडे, पार वर भाताच्या खाचरांत एक शाळा आहे. तिथल्या शिक्षकांनी 'मैना' सगळ्या वर्गाकडून वाचून घेतली आणि बाईंना बोलावलं. मुलांनी मैनाचं चित्र काढायचं, खाली तिच्याबद्दल चार ओळी लिहायच्या, बाईंनी बक्षीस द्यायचं. मीही गेले. गेल्या गेल्या बाईंनी काय केलं, तर हजेरी घेतली. पूर्ण नावानं. पोरं चक्रावली, पण मजा वाटली त्यांना. उभी राहून हजर, हजर करत होती.

मग चित्रं बघायला लागलो. प्रत्येक पोरानं मैनाला आडनाव देऊन टाकलं होतं, आपलं आपलं. शिळीमकराच्या पोरानं मैना शिळीमकर, धुमाळाच्या पोरीनं मैना धुमाळ. बाई बघत होत्या, हसत होत्या. "बघा, त्या संपादकाचं खरंच झालं की हो. सगळ्यांना आपली वाटली."

मग एक चित्र हातात आलं. सगळ्यांत सुंदर. ताटातल्या खिचडीची वाफ सुद्धा काढलेली. खाली लिहिलेलं, मैना देशमुख. आणि चित्र काढणारीचं नाव, प्रज्ञा सुनील रणपिसे.

बाईंनी तिला जवळ बोलावलं. सातवीतली सावळी, किडकिडीत पोर. "चित्र झकास आहे गं. मैना देशमुख कशावरून?"

"पुस्तकातली हाय म्हनून," प्रज्ञा म्हणाली. म्हणजे त्यात विचारायचं काय आहे, असं तिच्या चेहऱ्यावर.

"तुझ्यासारखी नाही का वाटली?"

तिनं मान हलवली. "आमच्यातली आसती तर पुस्तकात कशी आली आसती, बाई?"

"बरं, मग पोरं तिच्या आईची खिचडी का खात नाहीत?"

प्रज्ञानं विचार केला. "करपत आसंल."

बाई चित्रातल्या ताटाकडे बघत राहिल्या. प्रज्ञालाच वाटलं आपलं उत्तर अपुरं पडलं, म्हणून ती पुढे म्हणाली, "माझी मम्मी बी शाळंत खिचडी शिजवती. तिची बी न्हाई खात समदी. पर ती करपत न्हाई. आमची गोष्ट येगळी हाय."

आमची गोष्ट वेगळी आहे! अहो, तिचीच गोष्ट होती ती. तिच्यासाठीच लिहिली होती. शाळेतल्या एकूण एक पोराला मैना आपली वाटली आणि हिला नाही. बाईंनी तिला पहिलं बक्षीस दिलं, पुस्तकच दिलं, पाठीवरून हात फिरवला, भाषणही केलं. एसटीत बसल्यावर खिडकीकडे तोंड करून रडायला लागल्या त्या नसरापूर येईपर्यंत. मी पदराआडून त्यांचा हात धरून बसले. उतरताना म्हणाल्या, "जन्मभर पोरांना सांगितलं गिळू नका. आणि छापायची वेळ आली तेव्हा मीच गिळलं."

त्यानंतर बाईंनी जे केलं ते पाहून तालुक्यातल्या लोकांना त्यांचं डोकं फिरलंय असं वाटलं. काळं पेन घेऊन त्या शाळाशाळांतून फिरायला लागल्या. ग्रंथालयाच्या कपाटातून 'मैना' काढायची, पहिल्या पानावर जिथं मैना हा शब्द पहिल्यांदा येतो तिथं पुढे लिहायचं, कांबळे. आणि आईच्या गरिबीची ओळ खोडायची. एका शाळेतल्या क्लार्कनं हटकलं, "ओ बाई, पुस्तक खराब काय करताय?"

"माझंच आहे."

"आसंल. आता शाळेचं हाय. शिक्का मारलाय."

"मग शिक्क्यासकट खराब करते," बाई म्हणाल्या आणि लिहूनच उठल्या. संपादकांचा फोन आला, फार गोड आवाजात, की पुढच्या आवृत्तीत बघू. बाई म्हणाल्या, "तुम्ही बघा. तोवर मी लिहिते."

पुढची आवृत्ती काही निघाली नाही.

याच फिरण्यात त्यांचं पोट दुखायला लागलं. आधी अॅसिडिटी म्हणून अंगावर काढलं, मग भोरला दाखवलं, मग पुण्याला. डॉक्टर पहिल्यापासून समजावून सांगायला लागले तर बाईंनी त्यांना थांबवलं. "शेवटचं पान सांगा आधी." डॉक्टरांना कळेना. मला कळलं. त्यांनी सांगितलं ते ऐकून बाईंनी मान डोलावली आणि बाहेर आल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हटलं नव्हतं? गिळलं की पोटात दुखतं." असा राग आला मला! असल्या वेळी कुणी थट्टा करतं? मी दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांच्यावर ओरडले आणि मग आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो.

तालुक्यातल्या बहुतेक प्रती त्यांनी सुधारल्या. एक राहिली होती, बक्षीस दिलेली. तिचा ध्यास घेतला होता बाईंनी. "ती प्रज्ञाची राहिली हो कोंडेबाई. बाकीच्या सगळ्या एकीकडे." पण वर खाचरांपर्यंत जायचं बळ उरलं नव्हतं. शेवटी मीच तिथल्या गुरुजींना फोन केला.

बाईंना पुण्याला दवाखान्यात कायमचं न्यायचं होतं त्या सकाळी त्यांच्या भाच्यानं गाडी आणली. चेलाडी फाट्यावर थांबायला सांगितलं मी. प्रज्ञा आणि तिची आई पहिल्या एसटीनं खाली आल्या होत्या. आईनं स्टीलच्या डब्यात खिचडी आणलेली. बाईंना आता पाणीसुद्धा पचत नव्हतं, तरी त्यांनी डबा उघडला, वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवली. "करपलेली नाही," म्हणाल्या. प्रज्ञा लाजली.

मग तिनं पिशवीतून पुस्तक काढून खिडकीतून दिलं. बाईंनी पेन काढलं. हात एवढा थरथरत होता की टोक कागदावर टेकेना. दोनदा बघितलं त्यांनी करून. मग पेन तिच्यापुढे धरलं. "तूच लिही. मैनाच्या पुढे."

"काय लिहू?"

"तुझं आडनाव लिही."

फाट्यावर ही गर्दी. कॉलेजची पोरं, दूधवाले, वडापच्या जीपची वाट बघणारे, चहाच्या टपरीवर तिच्याच गावची दोन-चार माणसं. प्रज्ञानं पेन घेतलं. टोपण काढलं. मग तिनं मान वर करून आजूबाजूला बघितलं, एकदा टपरीकडे, एकदा आईकडे. आईनं नजर दुसरीकडे वळवली. प्रज्ञानं टोपण परत लावलं.

"घरी जाऊन लिहिते, बाई."

"बरं," बाई म्हणाल्या. रागावल्या नाहीत. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी आजवर कुणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही आणि पुन्हा पाहायची इच्छाही नाही. "पेन ठेव तुलाच."

तिनं घरी जाऊन लिहिलं का, ते मी अजून विचारलेलं नाही. दिवाळीच्या आधी बाई गेल्या. आमच्या शाळेत हजेरी पुन्हा आकड्यांनी होते. पहिल्या दिवशी नवे मराठीचे सर एक, दोन, तीन करायला लागले तेव्हा मी दारातच उभी होते, मला हुंदका आवरेना, मी आत गेलेच नाही.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं. मला शाळा होती, म्हणून मी फाट्यावरच उतरले होते. भाच्यानं गाडी चालू केली. गाडी हलली, तशी बाईंनी खिडकीची काच पुरती खाली केली, डोकं बाहेर काढलं. अंगात त्राण नव्हतं, आवाज कुठून आणला देव जाणे.

"प्रज्ञा सुनील रणपिसे!"

सगळा फाटा वळून बघायला लागला. टपरीवरची माणसं, कॉलेजची पोरं, सगळी. पोरीची मान खाली गेली. पुस्तक छातीशी धरून ती नुसती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. बाई खिडकीतून मागे बघत होत्या, बघतच होत्या. गाडी वळली, हायवेला लागली, एका ट्रकच्या पुढे जाऊन दिसेनाशी झाली.

तेव्हा तिनं मान वर केली.

"हजर, बाई."

फार मोठ्यानं नाही म्हणाली. पण टपरीपर्यंत ऐकू गेलं, कारण माणसं अजून तिच्याचकडे बघत होती. मलाही ऐकू आलं. बाईंना नाही ऐकू गेलं.